भिजत घोंगडं आणि भिजत घातलेले गहू : रोजची चालढकल ओळखण्याची आणि मोडण्याची रीत

वडील गेल्यावर तासगाव तालुक्यातल्या आमच्या सव्वा एकराला वारस नोंद करायला मला चार वर्षं लागली. त्यातली तीन वर्षं अकरा महिने काहीच झालं नाही. जे झालं ते शेवटच्या महिन्यात झालं. कागद घरातच होते, पत्र्याच्या कपाटावर ठेवलेल्या एका कापडी पिशवीत. वारसाने मिळालेल्या जमिनीची माहिती 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते, हेही मला माहीत होतं. घर झाडायला काढलं की आई ती पिशवी खाली उतरवायची आणि विचारायची, "हे कधी करायचं गं?" मी म्हणायचे, "करूया की. एकदा निवांत बसून करू."

याच चार वर्षांत मी अभ्यासिका एकही दिवस उशिरा उघडली नाही. सांगलीत विश्रामबागेत माझी पन्नास टेबलांची अभ्यासिका आहे, सकाळी सहाला कुलूप निघतं. घरपट्टी, वीजबिल, मुलीची फी, सगळं वेळेवर. म्हणजे आळस म्हणावा तर तो बाकी कुठेच दिसत नव्हता. मग ती एक पिशवीच का हलत नव्हती?

त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना जे हाताला लागलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. अकरा वर्षं अभ्यासाला बसलेली आणि अभ्यास टाळणारी मुलं जवळून पाहिली, त्याचाही यात वाटा आहे.

आधी ओळख : थांबणं वेगळं, टाळणं वेगळं

पाऊस उघडला म्हणून शेतकरी दुसऱ्या दिवशी लगेच शेतात कुळव घालत नाही. वाफसा येईपर्यंत, म्हणजे मातीतली जास्तीची ओल उतरून ती मशागतीजोगी होईपर्यंत, थांबतो. मूठभर माती दाबून बघितली की आला की नाही ते त्याला कळतं. हे थांबणं शहाणपणाचं आहे, कारण कशासाठी थांबलोय हे त्याला सांगता येतं आणि ती वेळ आली हे ओळखताही येतं.

आपल्या रखडलेल्या कामाला हीच कसोटी लावा. "मी कशाची वाट बघतोय?" याचं उत्तर एका वाक्यात लिहा. "मुलाचा निकाल लागला की कॉलेजचा अर्ज भरणार" हा वाफसा आहे. "जरा मूड लागला की", "दिवाळी झाली की", "सोमवारपासून", "निवांत वेळ मिळाला की" ही चालढकल आहे. यातला 'निवांत' हा शब्द मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला जबाबदार वाटतो. काम नीट करायचंय म्हणूनच पुढे ढकलतोय, अशी आपली खात्री पटते.

चालढकल कामाचा वेष घेऊन येते, तेव्हा ती ओळखणं आणखी अवघड जातं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे आता उत्तरं लिहायची सवय हवी. माझ्याकडची कितीतरी मुलं दिवसाला दहा-दहा तास वाचतात. नोट्स काढतात, त्या नोट्सच्या नोट्स काढतात, चार रंगांत वेळापत्रक आखतात. उत्तर मात्र एकही लिहीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ताई, आधी सिलॅबस एकदा पूर्ण होऊ दे." दिवसभर राबलेल्या मुलाला तू टाळाटाळ करतोयस असं कोण म्हणणार? पण जे काम करायला हवं ते सोडून त्याच्या शेजारचं काम करणं ही टाळाटाळच आहे. घरातही हेच होतं. एक फोन करायचा असतो आणि आपण फडताळातले सगळे डबे काढून पुसायला घेतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका. एक साधी वही घ्या. ज्या कामाची आठवण झाल्यावर पोटात थोडं आवळतं आणि हात दुसरीकडे वळतो, ते काम लिहा. त्याच्यासमोर, त्या वेळी प्रत्यक्षात काय केलंत ते लिहा. सात दिवसांत तीन-चार कामं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. तीच खरी. बाकीची तशीही होणार असतात.

पहिली पायरी : काय खुपतंय ते शोधा

चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं मी बरीच वर्षं समजत होते. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिकिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते आपण काम टाळतो ते त्या कामामुळे मनात उठणारी नकोशी भावना टाळण्यासाठी. काम बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. ते हलकं वाटणं हेच बक्षीस ठरतं, आणि मन पुढच्या वेळी तेच करायला शिकतं. किंमत मोजावी लागतेच, पण ती उद्याच्या आपल्याला.

हे पटलं त्या रात्री मी वहीत एक प्रश्न लिहिला : पिशवी उघडली तर काय होईल? उत्तर पेनातून आपोआप उतरलं : रडू येईल. वडील खताच्या पावत्यांच्या मागे पेन्सिलीने हिशेब लिहायचे. ते अक्षर मला बघवणार नव्हतं. चार वर्षं मी वारस नोंद टाळत नव्हते, ते अक्षर टाळत होते. हे कळल्यावर उपायही बदलला. वेळापत्रक करून यात काही होणार नव्हतं. मी मावशीला बोलावलं. रविवारी दुपारी आम्ही दोघींनी पिशवी उघडली. रडलोही. संध्याकाळपर्यंत सातबारा, आठ-अ आणि मृत्यू दाखला असे वेगळे गठ्ठे झाले होते.

तुमच्या वहीतल्या प्रत्येक कामासमोर हाच प्रश्न लिहा. उत्तरं बहुधा चार-पाच प्रकारचीच येतात.

भीती असेल, आपलं काम कच्चं दिसेल याची, तर पहिला प्रयत्न कुणालाही न दाखवण्याचा ठरवून करा. उत्तरं न लिहिणाऱ्या मुलांना मी सांगते, पहिली दहा उत्तरं लिहून फाडून टाकायची, मलासुद्धा दाखवायची नाहीत. पाचव्या-सहाव्या उत्तरानंतर बरीच मुलं आपणहून कागद घेऊन येतात.

कंटाळा असेल तर काम छोटं करा आणि सोबत शोधा. सोबतीचं पुढे येतंय.

धूसरपणा असेल, म्हणजे नेमकं काय करायचं तेच ठाऊक नसेल, तर ते मान्य करा. हा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत कमी ओळखला जातो. आमच्या गावातला एक द्राक्षबागायतदार रात्री पाऊस झाला की पहाटे उजाडायच्या आत डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी सुरू करतो. छाटणीची तारीख त्याने कधी चुकवली नाही. त्याचं माती परीक्षण मात्र तीन वर्षं राहिलं होतं. कारण विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नमुना नेमका कुठनं आणि किती खोल घ्यायचा, हेच मला नीट माहीत नाही." एवढा अनुभवी माणूस, त्याला हे विचारायचा संकोच वाटत होता. त्याचं खरं पहिलं काम 'माती परीक्षण करणे' हे नव्हतंच. 'कृषी सहायकाला फोन करून नमुना कसा घ्यायचा ते विचारणे' हे होतं.

आणि राग असेल, काम दुसऱ्याने गळ्यात मारलंय असं वाटत असेल, तर आधी त्या माणसाशी बोला. नाही म्हणायची सोय असेल तर नाही म्हणा. वहीतलं काम खोडून टाकणं हाही ते संपवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे.

दुसरी पायरी : कामाचं नाव बदला

'वारस नोंद' हे काम नाही, ते प्रकरण आहे. प्रकरणाला हात घालता येत नाही. वहीत मी ते खोडून लिहिलं : "मृत्यू दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढणे." झेरॉक्सचं दुकान अभ्यासिकेच्या खालीच आहे. दहा मिनिटांचं काम.

नाव देताना तीन गोष्टी बघा. त्यात हाताने किंवा तोंडाने करायची क्रिया हवी : काढणे, विचारणे, सही घेणे, फोन करणे. ते एका बैठकीत संपायला हवं. आणि झालं की नाही यावर वाद होता कामा नये. 'तब्येतीकडे लक्ष देणे' चालणार नाही, 'शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला देणे' चालेल.

तिसरी पायरी : गहू भिजत घाला

आपल्याकडे रखडलेल्या कामाला भिजत घोंगडं म्हणतात. घोंगडं भिजलं की जड होतं, पिळवत नाही, वाळत नाही. दिवस जातील तसं ते उचलायचा धीरच होत नाही.

पण भिजत घातलेली दुसरी एक गोष्ट आपल्या घरात असते. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घालतात. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि सकाळी शिजवून सोऱ्याने कुरडया घालायच्या. भर उन्हातलं, हात भाजणारं, कंबर मोडणारं काम आहे हे. तरी ज्या घरात गहू भिजले तिथे कुरडया झाल्या नाहीत असं मी पाहिलेलं नाही. कारण गहू भिजवायला दोन मिनिटं लागतात, पण एकदा भिजले की ते तुमच्या मनःस्थितीची वाट बघत नाहीत. त्यांचं घड्याळ सुरू होतं. चीक तयार असेल तर बाई झोपून राहू शकत नाही.

चालढकलीवर मला सापडलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय हाच आहे. पूर्ण काम करायची हिंमत आज नसेल तर नसू दे. आज एवढंच करा की उद्या ते काम तुम्हाला सोडणार नाही. कृती छोटी हवी, पण ती केल्यावर मागे फिरायला लाज वाटावी किंवा नुकसान व्हावं.

दात दुखतोय आणि सहा महिने दवाखाना टाळताय? आज जायचं नाही, फक्त फोन करून वेळ घ्यायची, आणि घरात सगळ्यांसमोर सांगायची. सकाळी फिरायला जायचंय? शेजारणीला सांगा, पावणेसहाला माझी बेल वाजवायची, मी खाली येईपर्यंत वाजवत राहायचं. जुन्या मैत्रिणीला पत्र लिहायचंय? तिला आजच मेसेज टाका, "रविवारी तुला मोठं पत्र पाठवतेय." मी झेरॉक्स काढल्या त्याच दिवशी चुलतभावाला कळवलं, "गुरुवारी अकराला तलाठी कार्यालयात येतेय, तू पण ये." तो कामावर सुट्टी टाकून येणार होता. मग गुरुवार टाळायची माझी सोयच राहिली नाही.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकाच, फार तर दोन कामांचे गहू भिजवा. उत्साहाच्या भरात पाच ठिकाणी शब्द देऊन ठेवला तर दोन ठिकाणचा चीक आंबणार, आणि पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर तुमचाच विश्वास राहणार नाही.

चौथी पायरी : कधी आणि कुठे, हे आधीच बोलून ठेवा

"या आठवड्यात करीन" याऐवजी "दुपारचा चहा गॅसवर ठेवला की, स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या बँकेला फोन करीन" असं ठरवा. पीटर गोल्वित्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितला होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या साधारण दहापैकी सातांनी तो वेळेत लिहिला. ज्यांनी नुसतं लिहायचं ठरवलं, त्यांच्यात दहापैकी तिघांनी.

काम रोजच्या घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा : नळाला पाणी आलं की, मुलांची रिक्षा गेली की, दुकानाचं शटर वर केलं की. आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त करायचं असतं.

पाचवी पायरी : धोक्याच्या आधीची इशारा पातळी

सांगलीकराला पावसाळ्यात आकडे पाठ असतात. कृष्णेवरच्या 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट पाणी म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "पाणी किती झालं?" 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या पाण्याच्या खुणेवर भरवसा ठेवून कितीतरी घरं थांबली होती. "त्या वेळी इथवरच आलं होतं," असं म्हणत थांबलेल्या माणसांना मग गच्चीवरून होडीत उतरावं लागलं. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपलं मन असंच चालतं. मागच्या वेळी शेवटच्या दिवशी जमलं होतं ना, मग या वेळीही जमेल.

आपल्या बहुतेक कामांना फक्त धोका पातळी असते, म्हणजे शेवटची तारीख. इशारा पातळी आपली आपण आखायची असते. पगारदार माणसाची प्राप्तिकर विवरणपत्राची नेहमीची मुदत 31 जुलै. ती चुकली तर 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000 पर्यंत. ही झाली धोका पातळी. त्याची इशारा पातळी 10 जुलै धरा : फॉर्म 16, बँकेचे व्याजाचे दाखले आणि विम्याच्या पावत्या त्या दिवशी एका फाइलमध्ये असल्या पाहिजेत. कॅलेंडरवर 10 तारखेलाच गोल करा, 31 ला नको.

ही पातळी किती आधी ठेवायची? रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा आला. प्रत्यक्षात लागले 55 दिवसांहून थोडे जास्त. म्हणून मी कुठल्याही कामाला मनात येईल त्याच्या दीडपट ते दुप्पट दिवस धरते. दुसऱ्या माणसाची सही, दाखला किंवा शिक्का लागणार असेल तर दुप्पटच. वारस नोंदीत अर्ज दिल्यावर नोटिशीचे 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ते दिवस आपल्या हातात नसतात.

मोठ्या कामाला एकच इशारा पुरत नाही. 2002 साली डॅन एरिली आणि क्लॉस वेर्टेनब्रोख यांनी विद्यार्थ्यांच्या तीन निबंधांवर हे तपासलं. ज्यांना प्राध्यापकांनी सत्रभर समान अंतराने तारखा घालून दिल्या होत्या, त्यांना स्वतः तारखा निवडणाऱ्यांपेक्षा चांगले गुण पडले. आपण स्वतःला सवलत देतो. म्हणून तारीख ठरवताना शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. मी माझ्या तारखा मावशीकडून घेते. ती एक दिवसही वाढवून देत नाही.

सहावी पायरी : सोबत

कुरडया एकटीने घालत नाहीत. गल्लीतल्या चारजणी येतात, मग पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकीकडे आपण जायचं. माझ्या अभ्यासिकेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी टेबल-खुर्ची असते. तरी महिन्याची फी भरून ती इथे बसतात, कारण शेजारचा वाचत असतो. कुणी कुणाशी बोलत नाही, मदतही करत नाही. नुसतं शेजारी असणं पुरतं.

घरच्या कामांसाठीही असं माणूस शोधा. पलीकडच्या काकांना वीज मीटरच्या तक्रारीचा अर्ज लिहायचा आहे, तुम्हाला विम्याचा फॉर्म भरायचा आहे. रविवारी दहा ते अकरा एकाच टेबलावर बसा. मदतीला बोलावतोय असं वाटून संकोच करू नका, समोरच्याचंही काही ना काही राहिलेलं असतंच.

सातवी पायरी : मोडलं तर

मोडणार. तिसऱ्या आठवड्यात, पाहुणे आले की, ताप आला की. त्या वेळी स्वतःला लागट बोलू नका. हे मी हळवेपणाने सांगत नाही. 2010 साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकल वोल, टिमोथी पिकिल आणि शॅनन बेनेट यांना असं दिसलं, की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण पहिल्या पायरीतलंच आहे. स्वतःला शिव्या घातल्या की त्या कामाला आणखी एक नकोशी भावना चिकटते, आणि काम आणखी नकोसं होतं. अभ्यासिकेत चार दिवस दांडी मारलेला मुलगा परत आला की मी "कुठं होतास?" विचारत नाही. "तुझं टेबल रिकामं आहे," एवढंच सांगते. आधी मी झापायचे. झापलेली मुलं पाचव्या दिवशी परत यायची नाहीत.

पालकांनो, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. "आळशी आहेस" हे वाक्य घरातून काढून टाका. त्याच्या जागी "यातलं काय अवघड वाटतंय?" हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. एखाद-दुसरं काम नव्हे, सगळंच रखडत असेल, आंघोळ, जेवण, आवडीच्या गोष्टीसुद्धा. झोप उडाली असेल किंवा अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल. किंवा लहानपणापासून कुठल्याच कामावर लक्ष टिकत नसेल, तर ही चालढकल नसेल. नैराश्य असू शकतं, लक्ष टिकवण्याची अडचण असू शकते. वही-पेनाने ते जात नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं.

माझ्या वहीत या आठवड्यात एकच काम आहे, आईच्या डोळ्यांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहून वर्ष होत आलं. काय खुपतंय ते तिलाच विचारलं. ती म्हणाली, "डोळ्यावर पट्टी असताना रात्री एकटीला भीती वाटेल." त्या दोन रात्री मावशी येऊन राहणार आहे. तपासणीची वेळ शनिवारी साडेदहाची घेतली आहे, रिक्षावाल्या दादांना सांगून ठेवलंय, आणि शनिवारी सकाळी अभ्यासिका कोण उघडणार त्याची चिठ्ठी दारावर लावली आहे.